निवृत्तीनंतरची नोंदवही

३० जून २०१९ हा माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. १९८६पासून मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. तेहतीस वर्षं रक्त, लघवी, थुंकी तपासली आणि आकडे लिहिले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी एकच सांगितलं, "आता आराम करा, छंद जोपासा." मला आराम करता येईना आणि छंद सापडेना. पुढचे पाच महिने फार जड गेले. यंदा माझ्या दोन मैत्रिणी निवृत्त होत आहेत आणि दोघींनीही वेगवेगळ्या वेळी तोच प्रश्न विचारला, "अगं, दिवसभर करू काय?" त्या दोघींसाठी, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी, मी जे केलं ते नीट लिहून काढते आहे.

आधी काही विकत घेऊ नका

माझी पहिली चूक हीच. पहिल्याच महिन्यात मी चित्रकलेचं सगळं सामान आणलं आणि वर्गाला नाव घातलं. लहानपणी चित्रं काढायचे, म्हणून. वर्ग चांगला होता, शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या, पण सहाव्या आठवड्यात माझं जाणं थांबलं. घरी रंग समोर घेऊन बसले की मन लागत नसे. आपण वेळ घालवतो आहोत हे कळत असे, आणि ते कळणंच नको वाटे. मग मी भाषा शिकायला घेतली, तीही सुटली. प्रत्येक सुटलेल्या गोष्टीबरोबर वाटायचं की आपल्यात आता चिकाटी उरली नाही. चिकाटी शाबूत होती, मी तिला चुकीच्या कामाला जुंपत होते.

तेव्हा पहिले तीन महिने फक्त एक साधी वही ठेवा. रोज रात्री दोन ओळी लिहायच्या: आज कोणत्या वेळी नोकरीची आठवण आली आणि नेमकं काय आठवलं. अट एकच, आठवण क्रियापदात लिहायची. "ऑफिस आठवलं" असं लिहून काही हाती लागत नाही. तिथे तुम्ही काय करत होता, हात काय करत होते, डोळे कशावर होते, ते लिहा. हिशेबाच्या खात्यातून निवृत्त झालेली माझी एक नातेवाईक लिहायची, "दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की जे वाटायचं ते आठवलं." माझे यजमान शाळेत शिकवायचे. त्यांना वर्ग कधी आठवला नाही, आठवायचा तो मधल्या सुट्टीत गणित पुन्हा समजावून घ्यायला थांबणारा एखादाच मुलगा. दोघांच्या ओळींतून त्यांचा पुढचा रस्ता स्पष्ट दिसत होता. ती आता एका वाचनालयाचे हिशेब बघते, हे रोज संध्याकाळी दोनच मुलांना शिकवतात.

माझ्या वहीत तीन आठवड्यांत अकरा वेळा एकच गोष्ट आली होती. साहलीची नळी.

माझी नळी

नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे हिमोग्लोबिन साहलीच्या पद्धतीने करायचे. खुणा केलेल्या बारीक नळीत २०च्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं. त्यात पिपेटने २० घन मिलिमीटर रक्त सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. लाल रंग गडद तपकिरी होतो. मग ती नळी एका छोट्या चौकटीत ठेवायची. तिच्या दोन्ही बाजूंना प्रमाण रंगाच्या तपकिरी काचा असतात आणि मागे दुधी काच. खिडकीकडे तोंड करून चौकट डोळ्यांसमोर धरायची आणि ड्रॉपरने एकेक थेंब ऊर्ध्वपातित पाणी घालायचं. थेंब, काचेच्या कांडीने ढवळणं, कांडी द्रवाच्या वर उचलणं, बघणं. पुन्हा थेंब. रंग फिका होत होत शेजारच्या काचांच्या रंगाला येऊन मिळतो आणि एका क्षणी मधली नळी वेगळी दिसेनाशी होते. तिथे थांबायचं आणि आकडा वाचायचा. एक थेंब जास्त पडला तर परत फिरता येत नाही.

पुढे यंत्रं आली, त्यांचे आकडे जास्त अचूक होते आणि रुग्णांच्या दृष्टीने तेच योग्य होतं. पण माझी वही सांगत होती की मला आठवतं ते हे: दोन ठरलेल्या रंगांच्या मध्ये एक अनोळखी रंग ठेवून तो कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवणं. आणि दुसरं, की त्या आकड्याची वॉर्डात कोणीतरी वाट बघत असायचं.

मग प्रश्न बदलला. छंद कोणता घ्यावा हे विचारणं मी सोडून दिलं. डोळ्यांनी तुलना करून आकडा लिहायचा आणि तो आकडा कोणालातरी हवा असायचा, असं काम आजही कुठे चालतं, हे शोधायला लागले. तुम्हीही तुमच्या वहीतल्या क्रियापदावरून असाच प्रश्न तयार करा. तो जितका नेमका, तितकं उत्तर लवकर मिळतं. माझं उत्तर मुलीने दिलं. फोनवर हे सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, रूपविकारी तारे बघ ना."

आकाशातली तीच पद्धत

रूपविकारी तारे म्हणजे ज्यांची तेजस्विता कमी-जास्त होते असे तारे. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात आणि आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक. रूपविकारी ताऱ्याच्या जवळपासचे दोन स्थिर तारे निवडायचे, एक त्याच्याहून तेजस्वी, एक मंद. त्यांच्या प्रती नकाशावर दिलेल्या असतात. आपला तारा या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं आणि आकडा लिहायचा. वाचताना माझ्या हातात ती चौकट आल्यासारखं वाटलं. दोन बाजूंना दोन काचा, मध्ये आपली नळी.

१८४४ साली आर्गेलांडर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हौशी लोकांना जाहीर आवाहन केलं होतं की हे काम तुम्ही करा, आम्हाला तुमच्या नोंदींची गरज आहे. ते आवाहन आजही लागू आहे. मोठमोठ्या दुर्बिणी असताना डोळ्यांच्या नोंदी कशाला, असं मलाही वाटलं होतं. कारण असं की तारे फार आहेत, काही तारे अनेक दशकं सतत बघावे लागतात, आणि अगदी तेजस्वी तारे मोठ्या उपकरणांना उलट अडचणीचे ठरतात.

मी डिसेंबर २०१९मध्ये सुरुवात केली. पहिला तारा घेतला मृगातला काक्षी, ज्याला आर्द्रा असंही म्हणतात. तांबूस, ओळखायला सोपा, शहरातल्या उजेडातही दिसणारा. पुस्तकात त्याची नेहमीची प्रत ०.५च्या आसपास दिली होती. मला तो रोहिणीपेक्षाही मंद दिसत होता आणि रोहिणीची प्रत ०.९. तीन रात्री मी स्वतःलाच चूक ठरवलं. चौथ्या रात्री जे दिसलं ते लिहिलं, १.२. नंतर कळलं की जगभरचे निरीक्षक तेच लिहीत होते. फेब्रुवारी २०२०च्या मध्यापर्यंत तो १.६पर्यंत उतरला, मृगाच्या चौकोनातल्या शेजारच्या बेलॅट्रिक्सच्या बरोबरीला आला, आणि मग हळूहळू सावरला. ताऱ्याच्या पृष्ठभागातून वायूचा मोठा लोट बाहेर फेकला गेला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि त्या धुळीने प्रकाश अडवला, असं पुढे संशोधकांनी दाखवलं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात हे माझ्या वहीत उतरलं. ती पानं मी अजून अधूनमधून उघडते.

साठीच्या डोळ्यांसाठी

इथे जरा थांबून सांगते, कारण बहुतेक पुस्तकं तरुण डोळे धरून लिहिलेली असतात.

अंधारात तरुणपणी डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीला ती बहुतेकांची ५च्या आसपास येते. द्विनेत्रीवर, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायच्या दुर्बिणीवर, ७×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते, इथे साधारण ७ मिलिमीटर. म्हणजे आपल्या वयात त्यातला बराच प्रकाश बाहुलीच्या बाहेरच पडतो आणि वजन मात्र पूर्ण उचलावं लागतं. मी हे न कळता ७×५० घेतली. दोन महिन्यांनी ती भाचीला दिली आणि ८×४० घेतली. ४० भागिले ८, बरोबर ५. हलकी, आणि हात कमी कापतो. १०×५०चाही झोत ५च आहे, पण दहा पट मोठं दिसतं तशी थरथरही दहा पट होते. सुरुवातीला तर द्विनेत्रीही नको. काक्षी आणि पुढे सांगणार आहे तो अल्गॉल, दोन्ही नुसत्या डोळ्यांनी होतात.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि वयाबरोबर हा वेळ वाढतो. मी चाळीस मिनिटं धरते. त्या वेळात मोबाईल बघायचा नाही. टॉर्चला लाल कागद लावायचा, लाल उजेडाने सराव फारसा मोडत नाही.

मान मागे टाकून उभं राहू नका. चक्कर येते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. पाठ कलणारी आरामखुर्ची घ्या, उठताना आधी बसा, मग पाय खाली टेकवा, मग उभं राहा. गच्चीवर जाण्यायेण्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या पट्ट्या लावून घ्या. आमच्याकडे हे काम यजमानांनी एका दुपारी केलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल किंवा व्हायचं असेल तर तारीख वहीत लिहा. वयाने डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश अडवतं. नवं भिंग बसलं की निळसर तारे एकदम उजळ वाटतात. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी ताडून बघताना हे माहीत असायला हवं.

आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. जितका वेळ बघाल तितका तो जास्त उजळ वाटायला लागतो. झटकन नजर टाकायची, काढायची, दुसऱ्या ताऱ्यावर टाकायची. प्रत्येक तारा आळीपाळीने नजरेच्या मधोमध आणायचा, एकाला कोपऱ्यात ठेवून दुसऱ्याला मध्ये ठेवायचं नाही. तुलनेचे तारे शक्यतो आपल्या ताऱ्याइतक्याच उंचीवरचे निवडा. क्षितिजाजवळचा तारा जाड हवेतून येतो, म्हणून मंद दिसतो.

पहिली नोंद कशी करायची

नवशिक्यांना मी अल्गॉल सुचवते. ययाती तारकासमूहात आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री चांगला वर असतो. आपल्याकडे त्याला मायावती असंही म्हणतात. हे खरं तर एकमेकांभोवती फिरणारे तारे आहेत आणि दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोरून जातो. तेव्हा प्रत २.१वरून ३.४पर्यंत उतरते. उतरायला सुमारे पाच तास, चढायला तितकेच. हा कालावधी १७८३ साली जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या तरुणाने जाहीर केला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नसे. काहीतरी काळं अल्गॉलसमोरून जात असावं हेही त्याने सुचवलं होतं. त्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं, आणि १७८६मध्ये, एकविसाव्या वर्षी तो गेला. अल्गॉल बघताना मला हा मुलगा दर वेळी आठवतो. आयुष्य इतकं थोडं मिळालं आणि त्यातल्या रात्री त्याने अशा वापरल्या.

समजा १० तारखेला पहाटे १ वाजता अल्गॉल सर्वांत मंद आहे. त्यात २ दिवस २० तास ४९ मिनिटं मिळवा, पुढची वेळ १२ तारखेला रात्री ९ वाजून ४९ मिनिटं. ही सोयीची वेळ झाली. संध्याकाळी साडेसातला खुर्ची मांडा आणि दर अर्ध्या तासाला एक नोंद करा.

ययातीतलाच एप्सिलॉन हा तारा २.९ प्रतीचा आणि काप्पा ३.८चा. दोघांमधलं अंतर मनात दहा भागांत कापा. अल्गॉल एप्सिलॉनपासून सहा भाग खाली वाटला, तर ०.९चे सहा दशांश म्हणजे सुमारे ०.५. २.९ आणि ०.५ मिळून ३.४. एवढंच लिहायचं: तारीख, वेळ, ३.४, तुलनेचे दोन तारे, आकाश कसं होतं. अल्गॉल उजळ असेल तेव्हा एप्सिलॉन मंद बाजूला घ्या आणि तेजस्वी बाजूला शेजारच्या देवयानी तारकासमूहाच्या टोकाचा २.१ प्रतीचा तारा. नकाशावर प्रतीतला दशांश चिन्हाचा टिंब दिलेला नसतो, २९ म्हणजे २.९. टिंब दिला तर तोच तारा समजला जाईल म्हणून.

आता सर्वांत महत्त्वाचं. मागचा आकडा बघून बसू नका. सुरुवातीच्या महिन्यात माझ्या अल्गॉलच्या नोंदी पुस्तकाशी इतक्या सुरेख जुळत होत्या की मला शंका आली. मी मंद होण्याची वेळ आधी काढून बसत होते आणि डोळे तेच दाखवत होते. प्रयोगशाळेत आम्ही नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायचो, रुग्णाचा जुना रिपोर्ट आधी बघायचा नाही. तीच शिस्त मी स्वतः विसरले. आता वेळा यजमान काढतात आणि मला फक्त म्हणतात, "आज बसा." त्यातल्या काही रात्री ते मुद्दाम अशा निवडतात की तारा काहीच करत नाही. त्या रात्रींचा आकडा २.१ आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते माझ्यापेक्षा मोठं असतं.

आकडा कोणालातरी हवा असावा

वहीत लिहून ठेवलं तर पुरे, असं काहीजण म्हणतात. मला ते पुरलं नाही. व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सची, म्हणजे रूपविकारी तारे बघणाऱ्यांची, अमेरिकन संघटना १९११पासून अशा नोंदी जमा करते. जगातल्या कोणालाही नोंद पाठवता येते, प्रत्येक निरीक्षकाला एक सांकेतिक अक्षरसमूह मिळतो. पहिल्यांदा माझा आकडा आलेखावर ठिपका होऊन दिसला तेव्हा मी यजमानांना झोपेतून उठवलं. शेकडो ठिपक्यांच्या गर्दीत माझा एक, गर्दीच्या साधारण मधोमध. चुकलेला नव्हता, वेगळाही नव्हता. मला हवं होतं ते एवढंच.

वय झालं आता काय, असं वाटलं की न्यूझीलंडच्या अल्बर्ट जोन्स यांचं नाव आठवते. पोटासाठी त्यांनी दुसरीच कामं केली आणि रूपविकारी ताऱ्यांच्या पाच लाखांहून जास्त नोंदी केल्या, सगळ्या डोळ्यांनी. २००० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी एक धूमकेतू शोधला. २०१३मध्ये ते गेले.

घरच्यांबद्दल थोडंसं. मी आठवड्यातल्या तीनच रात्री बसते आणि त्या कोणत्या हे रविवारी सांगून ठेवते. उरलेल्या रात्री आकाश कितीही स्वच्छ असलं तरी खाली येते. निवृत्तीत आपला वेळ मोकळा होतो तसा जोडीदाराचा दिवसही बदलतो, हे आम्हा दोघांना पहिल्या वर्षी भांडून समजलं.

आणि एखादा तारा लांबच्या मुदतीचा ठेवा. माझा तिमिंगल तारकासमूहातला मीरा आहे. १५९६ साली फाब्रिसिउस या जर्मन निरीक्षकांनी त्याची पहिली नोंद केली. सुमारे ३३२ दिवसांत तो ३ प्रतीच्या आसपास उजळतो आणि परत ९पर्यंत बुडतो, म्हणजे वर्षातला बराच काळ डोळ्यांना दिसतच नाही. त्याची उजळण्याची वेळ दर वर्षी साधारण एक महिना आधी येते. त्यामुळे काही वर्षं ती सूर्याच्या बाजूला पडून हुकते. पुढच्या चार वेळा मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत आणि त्यातली कोणती हुकणार तेही.

आज रात्र माझी होती, पण संध्याकाळपासून ढग आहेत. तरीही ओळ रिकामी सोडायची नाही. तारीख लिहायची, वेळ लिहायची, प्रतीच्या रकान्यात आडवी रेघ मारायची आणि शेऱ्यात "ढग". आत्ता ८ वाजून १० मिनिटं झाली आहेत. पुन्हा ९ला बघेन.